चौथा कॉलम

"ताई, हा आकडा लाल करा," किरण माझ्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला.

"तो आपोआप लाल होतो. आणि मानेवर श्वास सोडू नकोस, मला काम सुचत नाही."

तो पाऊलभर मागे सरला. पाऊलभरच. शुक्रवारचा दिवस, दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झालेली, आणि तीन वाजता फायनान्स कंपनीच्या बाई यायच्या होत्या. त्यांना एका पानावर विभागवार नफा-तोटा हवा होता, एप्रिल ते जानेवारीचा. तो बघून त्या ठरवणार होत्या की आमच्या छापखान्याला खोक्यांच्या नव्या मशीनसाठी साठ लाख द्यायचे की नाही.

पडद्यावर तीन कॉलम होते. खोकी, फ्लेक्स आणि छपाई. पहिल्या दोन कॉलमांच्या तळाशी काळे आकडे, तिसऱ्याच्या तळाशी कंसात आणि लाल रंगात तीन लाख चाळीस हजार.

"बघा, रोग इथे आहे," किरण म्हणाला. "मार्चअखेर ऑफसेट छपाई बंद करू. जुनी मशीन कोणीतरी घेईलच. ती गेली की जागा मोकळी होते, नवी मशीन तिथेच बसते. त्या बाई पण हेच विचारणार, तोट्यातला विभाग का चालवताय म्हणून. आपणच आधी सांगितलेलं बरं ना?"

"आणि सहदेवदादा? त्यांची तीन माणसं?"

"देऊ ना ताई. कायद्याने होतं ते सगळं देऊ."

माझं नाव क्षमा परब. नाव ठेवताना आईवडिलांचा अंदाज साफ चुकला असं ऑफिसात सगळे म्हणतात. घाटकोपरला असल्फ्याच्या औद्योगिक वसाहतीत धोंडिरामकाकांचे दोन गाळे आहेत, तिथे मी चौदा वर्षं हिशेब बघते. किरण हा काकांचा मुलगा. मी कामाला लागले तेव्हा तो दहावीला होता आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या टेबलावर बसून टक्केवारीची गणितं सोडवायचा. आता एमबीए होऊन आलाय आणि बोलण्यात 'रेशो' हा शब्द मिठासारखा घालतो. पोरगा वाईट नाही. खोक्यांच्या विभागात बावीस बायका काम करतात, औषध कंपनीची मोठी ऑर्डर नव्या मशीनवाचून हातची जाणार होती आणि त्याला झोप येत नव्हती, हे मला दिसत होतं. तरीही 'रोग' हा शब्द मला झोंबला.

लोकांना वाटतं नफा-तोट्यातले आकडे ठरलेले असतात. असतात, पण ते कुठे बसवायचे हे ठरलेलं नसतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नफा-तोट्याचे अकरा रिपोर्ट निघतात, आणि अकराही खरे असतात. सारांश काढला तर आमचा छापखाना सुखी संसार दिसतो. महिनावार काढला तर एकटा डिसेंबर सोडून सगळं बरं चाललंय. विभागवार काढला की सहदेवदादांची नोकरी जाते.

आणि हा लाल आकडा कुठून आला हे मला पाठ होतं. किरणलाही माहीत होतं.

काका दरवर्षी सहा डिसेंबरसाठी 'हक्कांची वही' छापतात. शहाण्णव पानी, खिशात मावेल एवढी. घटनेतले हक्क सोप्या मराठीत, आणि पुढे कामाचा भाग: पोलीस चौकीत तक्रार घेत नसतील तर अर्ज कसा लिहायचा, जातीच्या दाखल्याला कुठले कागद लागतात, मजुरी बुडवली तर कुठे जायचं. अर्जांचे नमुने असतात, दरवर्षी पत्ते तपासून नव्याने टाकलेले. वीस हजार प्रती छापायच्या, दादरला स्टॉल लावायचा आणि विकायची दहा रुपयांना. पहिल्या वर्षी दहा रुपये होते, आजही दहाच. खर्च मात्र प्रतीमागे एकतीस रुपयांवर गेलाय. हिशेब सोपा आहे. सहा लाख वीस हजार खर्च, दोन लाख विक्री, चार लाख वीस हजार तोटा, आणि तो सगळा छपाईच्या कॉलमात.

नवीन होते तेव्हा मी तो तोटा शहाणपणाने 'दानधर्म' या नावाखाली टाकला होता. काकांनी मला बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही, पण माझ्याकडून ती नोंद स्वतःसमोर रद्द करून घेतली. "दान कोण कोणाला करतंय गं?" ते म्हणाले. "हे आपलं काम आहे. छपाई आहे, छपाईतच लिही. आणि फुकट वाटायचं नाही. फुकट दिलं की तो नुसता कागद होतो. दहा रुपये मोजून घेतलेलं माणूस वाचतो."

तेव्हापासून मी ते छपाईतच लिहीत आले. चौदा वर्षं.

"किरण, वहीचा तोटा बाजूला काढला तर छपाई नफ्यात आहे," मी म्हटलं. "ऐंशी हजार."

"पण तो बाजूला नाहीये ना. पप्पा बाजूला काढू देत नाहीत. मग मी काय करू? रिपोर्ट काढा, मी औषध कंपनीला फोन करून येतो." तो खाली उतरला.

माझ्या केबिनच्या काचेतून ऑफसेट मशीन दिसते. सहदेवदादा कागदाची थप्पी सारखी करत होते. दोन्ही तळहातांनी बाजूंना हलके थापटायचं, मध्येच फुंकर घालून पानं सुटी करायची. चोपन्न वर्षांचा माणूस, खेडजवळच्या गावातला. पस्तीस वर्षं याच कामात. आता सगळीकडे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनी आल्यात, तिथे यांना कोण उभं करणार होतं?

मला माहीत आहे काय होतं ते. माझे बाबा परळला गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते एकोणपन्नासचे. हिशेबाने जे होतं ते सगळं मिळालं, दीड वर्षात संपलं, आणि मग ते मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन झाले. त्याच सोसायटीत माझ्या वर्गातली एक मुलगी राहायची. ती गाडीतून आली की बाबा फाटक उघडून उभे राहायचे. मी तेव्हा ठरवून टाकलं होतं, माणसाची नोकरी टिकली पाहिजे, बाकी सगळ्या गोष्टी नंतर. त्या दुपारीही माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये नवीन विभाग उघडला. त्याला नाव दिलं, हक्कांची वही.

काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. ऑगस्टपासूनच्या नोंदी एकेक उघडून त्यांचा विभाग बदलायचा होता. कागदाची बिलं, प्लेटा, शाई, बाइंडिंग, स्टॉलचा टेम्पो. दोन वाजले. एका बिलात वहीचा आणि लग्नपत्रिकांचा कागद एकत्र आला होता, ते फोडावं लागलं. मग ओव्हरटाइमची व्हाउचरं, नोव्हेंबरातल्या अठरा दिवसांची, बहात्तर हजार, खाली चौघांच्या सह्या. तीही तिकडे टाकली. डबा उघडला नव्हता, हात गार पडले होते, आणि मध्येच नेट गेलं तेव्हा मी मॉनिटरला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एकदा वाटलं, खाली जाऊन सहदेवदादांना सांगावं की तुमच्यासाठी असं असं करतेय. मग म्हटलं, कशाला? बुडणाऱ्याला कोणी विचारत बसतं का, हात देऊ का म्हणून?

दोन चाळीसला मी विभागवार रिपोर्ट पुन्हा काढला. चार कॉलम. आकड्यांतले पैसे काढून नुसते रुपये ठेवले, शून्याच्या ओळी लपवल्या, बेरजा ठळक केल्या. छपाईच्या तळाशी ऐंशी हजार, काळ्या रंगात. लाल आकडा आता चौथ्या कॉलमात होता, जिथे कोणाचीच नोकरी नव्हती. मी चार प्रती छापल्या आणि खरं सांगते, स्वतःवरच खूश झाले.

किरणच्या हातात प्रत दिली तेव्हा बाई जिना चढत होत्या. त्याने कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि दात आवळून "ताई, यार" एवढंच म्हणाला.

बाईंचं नाव गंधाली. वय असेल अठ्ठावीस, अंधेरीच्या ऑफिसातून मेट्रोने आलेली, पाठीला सॅक. पाणी प्यायली, चहा नको म्हणाली आणि कागदावर पेन टेकवून वाचायला लागली. टेबलापलीकडे धोंडिरामकाका बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, एकाहत्तर वर्षांचे. चष्मा खिशातच होता. रिपोर्ट ते कधी आधी वाचत नाहीत, वाचून दाखवलेला ऐकतात.

"खोकी चांगली चाललीयेत. फ्लेक्स ठीक. छपाई थोड्या नफ्यात, हरकत नाही, चालू दे," ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तिचं पेन पुढे सरकलं. "आणि हा चौथा विभाग काय आहे? हक्कांची वही? एकच वस्तू आणि त्यात चार लाख वीस हजार तोटा?"

काकांनी खिशातून चष्मा काढला.

किरणने क्षणात पवित्रा बदलला. तेवढा तो हुशार आहेच. "ते एक पुस्तक आहे, वडिलांचा उपक्रम. पण तो वेगळाच आहे मॅडम, बाकी धंद्याशी संबंध नाही. बंद करता येईल."

"मग मी अटीत घालते," गंधाली म्हणाली. "खर्चापेक्षा कमी किमतीत कुठलंही काम छापणार नाही, असं मालकांनी लेखी द्यायचं. मग आमच्याकडून अडचण नाही. रेशो बसतो."

काकांनी कागद हातात घेऊन सावकाश वाचला, वरून खाली, चारही कॉलम.

"हा कॉलम कोणी केला?"

"मी, काका."

"चौदा वर्षं तू हे छपाईत लिहीत होतीस."

"तुम्ही सांगितलं होतं म्हणून."

"का सांगितलं होतं?" त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "आत होतं तोवर कोणाच्या हाताला लागत नव्हतं गं. तू कढईला कान लावून दिलास. आता कोणीही उचलेल."

माझा पारा चढला. एवढा आटापिटा करून हे ऐकायचं? "मग काय करायचं होतं? तीन कॉलम ठेवले असते तर छपाई बंद झाली असती. सहदेवदादा घरी बसले असते. त्यांची नोकरी वाचवली मी."

"त्याला विचारलंस?"

काका गंधालीकडे वळले. "मुली, मी हे लिहून देणार नाही. साठ लाख नाही मिळाले तर नाही मिळाले. ही वही वीस हजार छापतो आणि वीस हजार संपतात. एक प्रत परत येत नाही. ज्या वस्तूची लोक रांग लावून वाट बघतात ती मी बंद करू?"

किरणने डोकं दोन्ही हातांत धरलं. बाहेर बावीस बायका खोकी घडी घालत होत्या आणि त्यांच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हतं की त्यांची ऑर्डर या क्षणी टेबलावरून खाली पडत होती.

गंधालीने मात्र सॅकमधून आमचे मागच्या तीन वर्षांच्या विक्रीच्या नोंदींचे कागद काढले. "सर, एक विचारू? मला हे आत्ता दिसतंय. या वहीची विक्री दोन लाख. मागच्या वर्षी दोन लाख. त्याच्या मागच्या वर्षी दोन लाख. वीस हजार गुणिले दहा. एकही प्रत फाटत नाही, भिजत नाही, उरत नाही?" ती माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्हाला कधी विचित्र नाही वाटलं?"

नाही वाटलं. चौदा वर्षं हिशेब करणारी मी, दोन रुपयांच्या फरकासाठी बँकेशी भांडणारी मी, आणि मला कधी वाटलं नाही. आठ डिसेंबरला काका माझ्या टेबलावर पिशवी ठेवायचे, सहदेवदादांनी स्टॉलवरून आणलेली. मी मोजायची, दोन लाख भरायचे, मी पावती फाडायची. आता बसल्या जागी मला ती पिशवी आठवली. दहा-वीसच्या मळक्या नोटांच्या गड्ड्यांखाली पाचशेच्या नव्या नोटा असायच्या. दहा रुपयांच्या पुस्तकाला पाचशेच्या कोऱ्या नोटा कोण देतं?

"सहदेवला बोलव," काका म्हणाले.

सहदेवदादा फडक्याला हात पुसत दारात उभे राहिले. आत या म्हटलं तरी आत आले नाहीत, चपलेला शाई होती.

"सहदेव, सहा डिसेंबरला वह्या किती खपल्या?"

दादांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या कागदांकडे, मग त्या अनोळखी मुलीकडे.

"सगळ्या खपल्या की काका."

"सहदेव."

फडकं एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. "तेरा हजार," ते शेवटी म्हणाले. "तेरा आणि वर थोड्या. लोक आता मोबाइलवर बघतात काका. हातात घेतात, चाळतात, ठेवून देतात. कोरोनापासून असंच आहे."

"आणि उरलेल्या सात हजार?"

"त्या आम्ही चौघं घेतो."

"कशाने घेता?"

"नोव्हेंबरच्या ओव्हरटाइममधून. तो आम्ही तसाच बाजूला ठेवतो." आणि मग घाईघाईने, जणू चोरी पकडली गेली होती, "फुकट नाय वाटली एक पण. पैसे भरलेले असतात ना, आम्ही. मग कोर्टाबाहेर देतो, नाक्यावर मजूर उभे राहतात तिथे देतो. गावी पण नेतो. वाया नाय गेली काका, एक पण नाय गेली."

पाचशेच्या त्या नोटा माझ्या होत्या. म्हणजे मीच नोव्हेंबरअखेर बँकेतून आणून, मोजून, सही घेऊन त्या चौघांच्या हातात दिलेल्या. आठ दिवसांनी त्याच नोटा परत माझ्याच टेबलावर यायच्या आणि मी त्यांना विक्री म्हणायची.

मी काकांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी रागावलेला पाहिला आहे, थकलेला पाहिला आहे, पण त्या क्षणी होता तसा कधी पाहिला नव्हता. ज्या गोष्टीचा माणसाला आयुष्यात सगळ्यात जास्त अभिमान वाटतो ती परक्या मुलीसमोर अशी उलगडली की त्याने बघायचं कुठे? किरणसुद्धा खाली बघत होता.

"पाच वर्षं मी लोकांना सांगत फिरलो," काका हळू म्हणाले. "एक प्रत उरत नाही म्हणून."

"उरली नायच की काका," सहदेवदादा म्हणाले.

"पोराबाळांच्या तोंडचं काढून माझी फुशारकी चालवलीत."

"तुमची कशाला? आमची पण आहे ती."

काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग किरणकडे हात केला. किरणला आधी कळलंच नाही, मग त्याने पेन पुढे केलं. गंधालीने तिथेच लॅपटॉपवर चार ओळी टाइप केल्या, आमच्याच प्रिंटरवर कागद निघाला. खर्चापेक्षा कमी किमतीत कुठलंही काम छापणार नाही. काकांनी दोनदा वाचला आणि सही केली. सही करताना ते सहदेवदादांना म्हणाले, "तुझ्या ओव्हरटाइमवर मी पुस्तकं नाही काढणार. जा, मशीन चालू राहिलीय खाली."

दादा गेले. मी जिन्यापर्यंत मागोमाग गेले आणि त्यांना चौथ्या कॉलमचं सांगितलं.

"ताई, तो कागद तुम्ही केलात?"

"हो."

"माझ्यासाठी?"

मी मान हलवली. मला वाटलं चिडतील, आणि चिडले असते तर मला बरं वाटलं असतं, मीही दोन शब्द ऐकवले असते. ते नुसते म्हणाले, "विचारायचं होतं ओ." आणि जिना उतरून गेले.

साठ लाख मंजूर झाले. शनिवारी किरणने सगळ्यांना वडे मागवले. बायकांनी टाळ्या वाजवल्या, औषध कंपनीचा माणूस येऊन जागा मोजून गेला. ऑफसेट मशीन भिंतीकडे चार फूट सरकवायची ठरली, बंद नाही करायची. मी ज्याच्यासाठी झटले ते झालं होतं. मी माझा वडा तसाच कागदात गुंडाळून ठेवला. रविवारी मुलुंडला घरी कपाट आवरायला काढलं आणि आवरलंच नाही, नुसती घडी घातलेल्या कपड्यांसमोर बसून राहिले. बाबा असते तर त्यांना विचारलं असतं, की गिरणीत असताना असं काही होतं का, जे तुम्ही पगारासाठी करत नव्हतात. मी त्यांना कधीच विचारलं नाही. मला फक्त फाटक आठवतं.

सोमवारी अकराच्या सुमाराला सहदेवदादा वर आले. या वेळी चपला बाहेर काढून आत आले आणि समोरच्या खुर्चीवर बसले, जिथे गिऱ्हाइकं बसतात.

"एक कोटेशन काढायचं होतं."

"कोणासाठी?"

"वही. शहाण्णव पानी, तीच."

"दादा, काकांनी लिहून दिलंय. तोट्यात छापता येणार नाही."

"तोट्यात नकोच. पुऱ्या दराने काढा." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर पेन्सिलीने चार नावं होती, प्रत्येकापुढे पंधरा हजार. "डिसेंबरपर्यंत साठ होतील. साठात किती बसतात तेवढं सांगा."

मी कॅल्क्युलेटर ओढला. प्रती कमी म्हणून खर्च जरा वाढतो. प्रत बत्तीस रुपयांना पडत होती. "खर्चाच्या दराने लावते," मी म्हटलं. "आपल्याच माणसांकडून नफा कसला घ्यायचा? अठराशेपर्यंत बसतील."

"नाय." ते पहिल्यांदाच जरा करड्या आवाजात बोलले. "बाकीच्या पार्टींना किती लावता?"

"पंचवीस टक्के."

"तेवढाच लावा. उद्या परत कोणीतरी कागद काढेल, परत लाल दिसेल, परत बंद करतील. आम्ही पार्टी म्हणून आलोय. पार्टीसारखंच लावा."

"मग चाळीस रुपये प्रत. पंधराशे बसतात."

"पंधराशे तर पंधराशे."

"आणि विकणार कितीला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली. "दहाला," ते म्हणाले.

चाळीसला घेऊन दहाला. प्रतीमागे तीस, पंधराशेचे पंचेचाळीस हजार, चार माणसांच्या घरांतून. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी कॉलम नव्हता आणि या वेळी मी तो उघडणारही नव्हते. पार्टीच्या नावात मी सहदेव आणि इतर तीन असं लिहिलं. विभाग कुठला, असं सॉफ्टवेअरने विचारलं, मी छपाई निवडलं. खाली नफ्याचा आकडा आपोआप आला, बारा हजार, काळ्या रंगात. मी कोटेशन छापून त्यांच्यासमोर ठेवलं, आणि त्यांनी ते कुठल्याही गिऱ्हाइकासारखं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.